तीन बोटं तोंडात जातात का?

कुणी वावरातून आत्ताच आली असेल, कुणी भाजी निवडत बसली असेल, कुणी गटाच्या बैठकीला जमून रेडिओ लावला असेल. आम्ही गावोगावच्या बचत गटांचं काम बघणाऱ्या बाया. एरवी आम्ही तुमच्याशी बचत, कर्ज, हप्ता आणि बँक यांवर बोलतो. आज तोंडाच्या एका आजाराबद्दल बोलायचं आहे आणि तो वेळेवर ओळखण्याचं काम गावात कोण करू शकतं, त्याबद्दलही.

या आजारात माणसाचं तोंड हळूहळू आखडत जातं. आधी तिखट सोसत नाही. मग मोठा घास घेता येत नाही. मग भाकरीचा तुकडा तोंडात जात नाही, आणि शेवटी चमचाही कसाबसा जातो. दाताचे डॉक्टर याला ओरल सबम्युकस फायब्रोसिस म्हणतात. नाव पाठ करायची गरज नाही. आपण त्याला तोंड आखडण्याचा आजार म्हणू.

आपल्या विदर्भात खर्रा घरोघरी पोचला आहे. इतरत्र मावा आहे, गुटखा आहे, सुगंधी सुपारी आहे. या सगळ्यांत एक वस्तू सारखी आहे, ती म्हणजे सुपारी. तोंड आखडण्याच्या आजाराचं मुख्य कारण सुपारीच आहे. हे वाक्य आम्ही मुद्दाम दुसऱ्यांदा सांगतो, कारण पुष्कळ जणींना ते पटत नाही. तंबाखू वाईट, हे आता सगळ्यांना माहीत आहे. पण "मी तंबाखू खात नाही, नुसती सुपारी खाते," असं सांगणारी बाई स्वतःला सुरक्षित समजते. तसं नाही. नुसत्या सुपारीनेही हा आजार होतो. कर्करोगाच्या कारणांचा अभ्यास करणाऱ्या जागतिक संस्थेने २००४ साली सुपारीला कर्करोग करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात टाकलं आहे. तंबाखूही त्याच गटात आहे.

सुपारी तोंडात नेमकं काय करते? सुपारीत अरेकोलीन नावाचं द्रव्य असतं. सुपारी गालात धरली की ते गालाच्या आतल्या नरम कातडीत मुरतं. त्या कातडीखाली बारीक तंतू असतात. अरेकोलीनमुळे हे तंतू गरजेपेक्षा जास्त तयार होऊ लागतात आणि जुने तंतू नीट विरघळत नाहीत. ओली सुंभ वाळली की ताठ होते, तसा गाल आतून ताठ होत जातो. जी कातडी रबरासारखी ताणली जायची, ती ताणलीच जात नाही. म्हणून तोंड उघडत नाही.

या आजाराची नोंद वैद्यकाच्या पुस्तकात पहिल्यांदा झाली ती बायांमुळेच. १९५२ साली श्वार्ट्झ नावाच्या डॉक्टरांनी पूर्व आफ्रिकेत राहणाऱ्या पाच भारतीय स्त्रियांच्या तोंडात हा आजार पाहिला आणि लिहून ठेवला. पुढच्याच वर्षी, १९५३ मध्ये, मुंबईचे डॉक्टर जोशी यांनी आपल्याकडच्या रुग्णांमध्ये तो सांगितला. म्हणजे सत्तर वर्षांहून जास्त काळ हा आजार डॉक्टरांना माहीत आहे. तरी आपल्या गावात तो अजूनही "उष्णता झाली" या नावाने ओळखला जातो.

असं का होतं? एक तर हा आजार ओरडत येत नाही. ताप नाही, रक्त नाही, गाठ नाही. वर्षावर्षाला तोंड थोडं थोडं लहान होतं आणि माणूस त्याची सवय करून घेतो. आमच्या एका गटातल्या काकू आहेत. निंदणाला गेल्या की सुपारीचं खांड गालात असायचं. भूक मरते, काम उरकतं, असं त्या म्हणायच्या. आधी त्यांनी ठेचा सोडला. मग भाजीत तिखट कमी केलं. मग भाकर वरणात कालवून खाऊ लागल्या. घरातल्यांना वाटलं, वय होत चाललं आहे. दवाखान्यात दाखवलं तेव्हा तोंड आल्याच्या गोळ्या मिळाल्या आणि तोंडात लावायचं औषध मिळालं. दुसऱ्यांदा गेल्या, पुन्हा त्याच गोळ्या. तोंड उघडून कुणी बघितलं नाही, आणि काकूंनीही सुपारीचं सांगितलं नाही, कारण कुणी विचारलंच नाही. अशी दोन वर्षं गेली. मग दाढ दुखायला लागली म्हणून त्या तालुक्याला दाताच्या डॉक्टरकडे गेल्या, तेव्हा अवजार आत जाईना. डॉक्टरांनी मोजलं, तर काकूंच्या तोंडात त्यांचं स्वतःचं एकच बोट मावत होतं.

मैत्रिणींनो, या दोन वर्षांसाठीच आजचं बोलणं आहे. कारण या आजाराचं एक कटू सत्य आहे. आखडलेलं तोंड पूर्णपणे पहिल्यासारखं होत नाही. जितक्या लवकर कळेल, तितकं जास्त तोंड वाचतं. शिवाय हा आजार कर्करोगाच्या वाटेवरचा आहे. प्रत्येकाला कर्करोग होत नाही, पण काहींना होतो, आणि कुणाला होईल ते आधी सांगता येत नाही. म्हणून लवकर ओळखणं हाच मोठा उपाय आहे.

मग गावात हे ओळखणार कोण? दाताचे डॉक्टर गावात नसतात. गावात आशाताई असतात, उपकेंद्रात नर्सबाई असतात, समुदाय आरोग्य अधिकारी असतात. सरकारची योजनाही आहे. तीस वर्षांवरच्या प्रत्येकाचा आशाताई एक फॉर्म भरतात. त्याला सीबॅकचा फॉर्म म्हणतात. त्यात तंबाखू खाता का, दारू पिता का, कंबरेचा घेर किती, हे असतं. त्यातच "तोंड उघडायला त्रास होतो का" हाही प्रश्न आहे. पुढे उपकेंद्रात रक्तदाब आणि साखर तपासतात. त्याच वेळी तोंड आतून बघायचं असतं.

कागदावर सगळं आहे. पण आम्ही आमच्या भागातल्या आशाताईंबरोबर बसून बोललो, तेव्हा अडचण कुठे आहे ते कळलं. त्यांना कर्करोग माहीत होता. पुडीवरचं चित्र माहीत होतं. पांढरा चट्टा, लाल चट्टा हे शब्द माहीत होते. पण नुसत्या सुपारीने तोंड आखडतं, हे अनेकींना ठाऊक नव्हतं. फॉर्ममधला प्रश्न त्या तोंडी विचारत होत्या. "तोंड उघडायला त्रास आहे का काकू?" "नाही." झालं, नाहीवर खूण. आता बघा, ज्या बाईचं तोंड पाच वर्षांत कणाकणाने लहान झालं, तिला ते कळणार कसं? तिला वाटतं, तोंड एवढंच असतं. विचारून हा आजार सापडत नाही. मोजून सापडतो.

एक आशाताई म्हणाल्या, "आम्हाला गरोदर बाई, बाळाचं वजन, लस हे डोळे मिटून येतं. ते आमच्या हातून पन्नास वेळा करवून घेतलं. तोंड कसं बघायचं ते एकदा चित्रात दाखवलं होतं." आम्हाला हे बोलणं फार मोलाचं वाटलं. माहिती कानाने मिळते, पण कसब हाताने करूनच येतं. कणीक मळायचं पुस्तक वाचून पोळी होत नाही. आणखी अडचणी होत्या. हातात बॅटरी नव्हती. सासऱ्यासमोर, दिरासमोर सुनेने आ करून दाखवायचा म्हणजे तिला लाज वाटते. आणि काही ठिकाणी आरोग्याचं काम करणाऱ्या बाया स्वतःच मिश्री लावतात किंवा सुपारी खातात, मग दुसरीला सांगायला जीभ रेटत नाही. यात कुणाला दोष द्यायचा नाही. आपल्या सगळ्यांच्याच घरात ही सवय आहे. २०१६-१७ च्या सरकारी पाहणीत आपल्या राज्यातल्या चार मोठ्या माणसांपैकी जवळपास एक जण तोंडात धरायचा किंवा दातांना लावायचा तंबाखू वापरत होता.

मग आशाताईंनीच पुढाकार घेतला. तालुक्याच्या रुग्णालयातल्या दाताच्या डॉक्टरबाईंना त्यांनी विनंती केली. अर्धा दिवस बाई आल्या. भाषण थोडं केलं आणि बाकी वेळ सगळ्यांना जोडीजोडीने बसवून एकमेकींची तोंडं बघायला लावली. आम्हीही त्यात होतो. बाईंनी जे शिकवलं, ते आता सांगतो. नीट ऐका आणि ऐकता ऐकता करून बघा.

पहिली गोष्ट, मोजणं. आपल्या उजव्या हाताचं अंगठ्याजवळचं बोट, मधलं बोट आणि करंगळीशेजारचं बोट एकमेकांना चिकटवा. तोंड जमेल तेवढं मोठं उघडा. आता ही तीन बोटं एकावर एक येतील अशी उभी धरून वरच्या आणि खालच्या समोरच्या दातांमध्ये घाला. तीन बोटं गेली, तर तोंड उघडणं ठीक आहे. दोनच जात असतील, तर दाखवायला हवं. एकच जात असेल, तर वाट बघू नका. बोटं ज्याची त्याचीच हवीत. आशाताईची बोटं काकूंच्या तोंडाला माप म्हणून चालत नाहीत.

दुसरी गोष्ट, हालचाल. जीभ बाहेर काढा. ती ओठांच्या बाहेर नीट येते का? गाल फुगवा. फुगतात का? आपल्याकडे सोपी परीक्षा आहे, फुंकणीने चूल फुंकता येते का बघा. ज्यांचे गाल ताठ झाले, त्यांना फुंकर मारता येत नाही, शिट्टी वाजत नाही.

तिसरी गोष्ट, बघणं. उजेडाकडे तोंड करून बसवायचं किंवा बॅटरी धरायची. चूळ भरून घ्यायची. कवळी असेल तर काढायची. मग एका क्रमाने बघायचं, म्हणजे काही सुटत नाही. ओठांच्या आतून, उजवा गाल, डावा गाल, हिरड्या, जीभ वरून, जिभेच्या दोन्ही कडा, जिभेखाली आणि टाळू. निरोगी गाल आतून गुलाबी आणि ओलसर असतो. आखडणारा गाल पांढुरका, फिकट दिसतो.

चौथी गोष्ट, चाचपणं. हे आशाताईंनी आणि नर्सबाईंनी हातमोजा घालूनच करायचं. बोट गालाच्या आतून फिरवलं, तर निरोगी गाल लोण्यासारखा नरम लागतो. आजार असेल तर आत उभे दोर लागतात. त्या दिवशी ज्यांच्या बोटाला पहिल्यांदा असा दोर लागला, त्या ताई म्हणाल्या, "आता हे मी विसरणार नाही."

पाचवी गोष्ट, विचारणं. पण प्रश्न बदलायचा. "व्यसन आहे का" असं विचारलं की बाई नाहीच म्हणते. त्याऐवजी विचारायचं, "जेवण झाल्यावर काय खाता? वावरात काम करताना गालात काय असतं? तिखटाने तोंड जळतं का? ठेचा कधीपासून सोडला?" ठेचा कधी सोडला, या एका प्रश्नात पुष्कळदा सगळी कथा बाहेर येते.

आता काय कशात धरायचं, तेही बाईंनी सांगितलं. साधं तोंड आलं असेल, तर ते आठ-पंधरा दिवसांत बरं होतं आणि तोंड उघडणं कमी होत नाही. पंधरा दिवसांत जी जखम, जो लाल किंवा पांढरा चट्टा गेला नाही, तो दाताच्या डॉक्टरला दाखवायचाच, दुखत नसला तरी. अक्कलदाढेला सूज आली किंवा पू झाला, तरी तोंड उघडत नाही, पण ते दोनचार दिवसांत होतं आणि ठणकतं. आणि अचानक जबडा बसला, मान ताठ झाली, मागे कुठे जखम झालेली असेल, तर तो धनुर्वात असू शकतो. त्याच क्षणी मोठ्या दवाखान्यात न्यायचं. आपला आजार यांपेक्षा वेगळा. तो महिन्या-वर्षांनी सरकतो, आणि त्यामागे सुपारी असते.

आजार निघाला तर पुढे काय? पहिलं औषध म्हणजे सुपारी बंद. कमी करणं नाही, बंद. सुपारी चालू ठेवून कुठलंही औषध लागू पडत नाही. सुपारी सुटली की आजाराचं पुढे सरकणं थांबू शकतं आणि जळजळही कमी होते. दाताचे डॉक्टर तोंड उघडायचे व्यायाम शिकवतात, ते रोज करायचे. आपल्या मनाने जोर लावून तोंड फाकवायचं नाही. काहींना गोळ्या देतात, काहींना गालात इंजेक्शनं देतात, फार आखडलं असेल तर ऑपरेशन करतात. अंगात रक्त कमी असेल तर तेही भरून काढावं लागतं, म्हणून हिमोग्लोबिन तपासून घ्यायचं. शंका आली तर लहानसा तुकडा काढून तपासणीला पाठवतात. तुकडा काढल्याने आजार पसरतो, ही भीती मनातून काढून टाका. आणि सवय सुटली तरी डॉक्टर सांगतील तेव्हा पुन्हा तोंड दाखवत राहायचं.

ग्रामीण आणि उपजिल्हा रुग्णालयांत अनेक ठिकाणी दाताचे डॉक्टर असतात. मोठ्या उपचारासाठी नागपूर, छत्रपती संभाजीनगर आणि मुंबई इथे सरकारी दंत महाविद्यालयं आहेत. कर्करोग निघालाच, तर महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत उपचार होतात. रेशन कार्ड आणि आधार कार्ड जवळ ठेवा.

बायांसाठी एक वेगळी गोष्ट. बाळंतपणात किंवा कुठल्याही ऑपरेशनला पूर्ण भूल द्यायची वेळ आली, तर भुलीचे डॉक्टर तोंडातून श्वासाची नळी घालतात. तोंड उघडत नसेल तर ती नळी घालणं फार अवघड होतं आणि जिवावर बेतू शकतं. म्हणून जिचं तोंड कमी उघडतं, तिने हे डॉक्टरांना आधीच सांगायचं. नर्सबाईंनी गरोदर बाईच्या तपासणीतच तीन बोटांचं माप घेतलं, तर ऐन वेळची धावपळ वाचेल.

फॉर्म तीस वर्षांवरच्यांचा असतो, हे आपण ऐकलं. पण खर्रा तीस वर्षांची वाट बघत नाही. पानठेल्यावर उभी असलेली पोरं वीस वर्षांची असतात, काही शाळकरी असतात. गोड सुपारीची पुडी तर आपणच लहान लेकरांच्या हातात देतो. ही पोरं कुठल्याच फॉर्ममध्ये येत नाहीत. ती आपल्या घरात मात्र रोज जेवायला बसतात. आई बघू शकते. पोरगा तिखट नको म्हणायला लागला, घास लहान घ्यायला लागला, की त्याला तीन बोटं घालायला सांगा.

राज्यात २०१२ पासून गुटखा आणि पानमसाल्यावर बंदी आहे. शाळेपासून शंभर यार्डाच्या आत तंबाखूचे पदार्थ विकायला आणि अठरा वर्षांखालच्यांना ते द्यायला देशभर मनाई आहे. ग्रामसभेत हे विचारायचा आपल्याला हक्क आहे. आणि हिशोब तर आपल्याला येतोच. खर्ऱ्याच्या पुडीचे वीस रुपये धरले आणि दिवसाला एकच पुडी धरली, तरी महिन्याचे सहाशे झाले, वर्षाचे सात हजार तीनशे. गटात आपण महिन्याला शंभर रुपये टाकायला किती ओढाताण करतो!

कुणी म्हणेल, सुपारी तर देवाला लागते, हळदीकुंकवाला लागते. लागू द्या. पूजेत ठेवलेल्या सुपारीला आमचं काही म्हणणं नाही. आमचं म्हणणं गालात ठेवलेल्या सुपारीबद्दल आहे.

आता गटाने काय करायचं? तीन कामं सांगतो. एक, पुढच्या मासिक बैठकीत बचत गोळा झाली की सगळ्यांनी तीन बोटांचं माप घ्यायचं. सगळ्यांनी एकदम केलं की लाज राहत नाही. जिची तीन बोटं जात नाहीत, तिचं नाव वहीत लिहून कुणाला दाखवायचं नाही. तिला बाजूला घेऊन सांगायचं, आणि दवाखान्यात जाताना गटातल्या एकीने सोबत जायचं. दोन, आशाताई घरी आल्या की स्वतः म्हणायचं, "ताई, आमचं तोंड बघा." आपण मागितलं की त्यांचाही संकोच जातो. उजेडाची खोली द्या, पुरुषांना बाहेर बसवा. बॅटरी नसेल तर मोबाईलची लावा. तीन, आरोग्य केंद्राला गटाच्या ठरावाने पत्र द्यायचं, की आमच्या आशाताईंना आणि नर्सबाईंना तोंड तपासायचं शिक्षण दाताच्या डॉक्टरांकडून हाताने करवून मिळावं, हातमोजे मिळावेत, आणि वर्षातून एकदा दाताचे डॉक्टर उपकेंद्रात यावेत. आशाताईंना आधीच पुष्कळ कामं आहेत. त्यांच्या पाठीशी गट उभा राहिला, तर हे काम त्यांना ओझं वाटणार नाही.

काकूंचं पुढे काय झालं, असं काही जणी विचारतील. काकूंनी सुपारी सोडली. सोपं गेलं नाही. पहिले पंधरा दिवस चिडचिड व्हायची, मग गालात बडीशेप आणि भाजलेले तीळ धरू लागल्या. व्यायाम रोज करतात. आता त्यांची दोन बोटं जातात. ठेचा अजून सोसत नाही, पण भाकर मोडून भाजीशी खातात. ज्या दिवशी पहिल्यांदा दवाखान्यात गेल्या होत्या, त्या दिवशी कुणी माप घेतलं असतं, तर कदाचित आज ठेचाही खाल्ला असता.

तंबाखू सोडायची इच्छा असेल, तर सरकारचा फुकट फोन आहे. नंबर लिहून घ्या. १८००-११-२३५६. पुन्हा सांगतो, १८००-११-२३५६. फोनवर माणूस बोलतो, धीर देतो, सोडायची रीत सांगतो. बायांनीही फोन करावा. ही सवय फक्त पुरुषांची नाही, हे त्यांनाही माहीत आहे.

जाता जाता उजळणी करू या. नुसती सुपारीही तोंड आखडवते. तिखट सोसेना, फुंकर येईना, तीन बोटं जाईनात, की दाताच्या डॉक्टरकडे जायचं. पंधरा दिवसांत न गेलेली जखम किंवा चट्टा दाखवायचा. आणि आशाताईंना म्हणायचं, तोंड बघा.

आज रात्री जेवण झाल्यावर घरातल्या सगळ्यांना ओळीने बसवा आणि बोटं घालायला लावा. सासूबाईंपासून नातवापर्यंत. लेकरांना खेळ वाटेल, हसतील. हसू द्या. तेवढ्यात कुणाचं तोंड किती उघडतं, ते तुम्हाला दिसेल.